टाळेबंदीतील बाप

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.





मला ‘पालकांचे कर्तव्य’ या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगण्यात आले आहे. पालक म्हटले की आपण बहुधा मातेवर बोलतो. आईची ममता, आईचे संस्कार, आईचे कष्ट. ते योग्यच आहे. परंतु बाप, आणि त्यातही तरुण बाप, आपल्या भाषणांत क्वचितच येतो. तो सकाळी कामावर जातो, रात्री येतो आणि घरखर्चाला पैसे देतो. त्याच्याबद्दल याहून अधिक विचार करण्याची गरज आपल्याला वाटत नाही. म्हणून आज मी कोरोनाच्या टाळेबंदीतील तरुण बापाबद्दल बोलणार आहे. हे भाषण स्मरणिकेतही छापले जाणार असल्याने, आज येथे हजर नसलेल्या वाचकालाही मी समोर बसलेला श्रोताच समजतो.

आपण म्हणाल, ती साथ गेली, आता तिची आठवण कशाला? त्या साथीत मेलेल्यांचा हिशोब झाला, डॉक्टर-परिचारिकांचा सत्कार झाला. ते व्हायलाच हवे होते. परंतु पंचवीस ते पस्तीस वर्षांचा, एक-दोन लेकरांचा बाप, जो आजारी पडला नाही पण ज्याचे काम गेले, त्याच्या घरात काय घडले, याचा हिशोब कोणी मांडला नाही. त्याचा परिणाम मात्र आजही आमच्या वर्गांत बसलेल्या मुलांवर दिसतो.

प्रथम काही तारखा आठवून पाहू. २२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला. २३ मार्चला राज्यात संचारबंदी आली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून सारा देश बंद झाला. दहावीच्या मुलांचा भूगोलाचा एकच पेपर राहिला होता. तो पुढे ढकलला आणि नंतर रद्द झाला. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, दहावीची परीक्षाच झाली नाही. मशिदी बंद झाल्या त्या १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडल्या. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाल्या आणि त्या वर्षीच्या ७ ऑक्टोबरला उघडल्या. असे हे दीड वर्ष.

हे निर्बंध चुकीचे होते असे मला म्हणावयाचे नाही. जेथे साथ आहे तेथे जाऊ नये आणि जेथे आपण आहोत तेथे साथ आली तर तेथून बाहेर पडू नये, ही शिकवण आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच मिळालेली आहे. परंतु औषध योग्य असले तरी ते कोणाला किती कडू लागले, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

बीड जिल्ह्यात पोट हातावर असलेल्यांची संख्या मोठी. आपल्या समाजातील तरुण मंडळी काय काम करतात ते आपण जाणताच. कोणी गॅरेजमध्ये, कोणी शिलाई मशीनवर, कोणी फळांच्या गाड्यावर, कोणी मोंढ्यात हमालीला, कोणी बांगड्यांच्या दुकानात, तर कोणी पुण्याला किंवा भिवंडीला. यांपैकी शिंप्याची आणि बांगडीवाल्याची वर्षाची कमाई रमजान महिन्यात होते. २०२० चा रमजान एप्रिलच्या शेवटी सुरू झाला आणि २५ मे रोजी ईद झाली. तो सारा महिना टाळेबंदीत गेला. पुढच्या वर्षी रमजान १४ एप्रिलपासून, आणि दुसरी लाटही नेमकी त्याच महिन्यात. म्हणजे एका शिंप्याचे एकापाठोपाठ दोन हंगाम गेले. लग्नाला प्रथम पन्नास माणसांची आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये पंचवीस माणसांची व दोन तासांची मर्यादा आली. बावर्ची, मंडपवाले, भांडी भाड्याने देणारे यांच्या देगा घरातच उपड्या पडून राहिल्या.

शासनाने माणशी पाच किलो धान्य मोफत दिले, हे मान्य केले पाहिजे. त्यामुळे चूल पेटली. पण तेल, दूध, औषध, घरभाडे आणि मोबाईलचा रिचार्ज यांना रोख पैसे लागतात. तरुण बापाची खरी अडचण तेथे होती. आमच्या गल्लीतील एक शिंपी ईदच्या आदल्या रात्री जुने कपडे उसवून आपल्या दोन मुलींसाठी फ्रॉक शिवत बसला होता. तो मला म्हणाला, “सर, वीस वर्षे लोकांच्या लेकरांचे ईदचे कपडे शिवले. आपल्या घरचे कापड विकत घ्यायला मात्र या वर्षी पैसे नाहीत.” त्याच्या मुलींना ते फ्रॉक फार आवडले. त्यांना त्यातले काही कळले नाही. कळले ते त्यालाच.

आता आपल्या जिल्ह्याचे मोठे दुःख सांगतो. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाते. लहान लेकरू सोबत जाते आणि शाळेत जाणारे आजी-आजोबांकडे राहते. टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता. देश बंद झाला, पण साखर ही जीवनावश्यक वस्तू ठरल्याने ऊसतोड चालूच राहिली आणि गावी परतायची वाट मात्र बंद झाली. अखेर १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने त्यांना परतण्यास परवानगी दिली. त्या वेळी राज्यातील ३८ कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार मजूर अडकले होते, आणि त्यांत आपल्या जिल्ह्याचे लोक फार मोठ्या संख्येने होते.

त्या दिवसांत आम्हा शिक्षकांना जिल्ह्याच्या सीमेवर चेकपोस्टची कामे लावली होती. मीही त्यात होतो. ट्रक आणि ट्रॅक्टर येत. त्यांत कोपीचे बांबू, भांडी, शेळ्या, कोंबड्या आणि माणसे. आम्ही नाव, गाव आणि माणसांची संख्या लिहून घ्यायचो. एका रात्री असाच एक तरुण, पंचविशीच्या आतला, मांडीवर झोपलेले लेकरू घेऊन बसला होता. मी माणसे विचारली. तो म्हणाला, “इथे तीन, सर. थोरला गावाकडे आहे. पाच महिने झाले, त्याला बघितले नाही.” मी म्हणालो, आता भेटेलच की. तेव्हा तो म्हणाला, “भेटेल, पण लांबून. गावात गेल्यावर आधी वेगळे राहायचे आहे म्हणे.” आणि तसेच झाले असणार. परतलेल्यांना काही गावांत शाळेच्या खोल्यांत, तर काही ठिकाणी शेतात ठेवले गेले. बाप शेताच्या बांधावर, लेकरू आजोबांचे बोट धरून रस्त्यावर, आणि मध्ये दहा-वीस हातांचे अंतर. नियम बरोबर होता. पण सहा वर्षांच्या लेकराला नियम कसा समजावा?

आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील आणखी एक घटना आपण विसरू नये. परप्रांतातील काही मजूर जालन्याच्या कारखान्यात कामाला होते. काम बंद पडले, वाहन मिळेना, म्हणून ते भुसावळहून गाडी मिळेल या आशेने रेल्वे रुळांवरून चालत निघाले. थकून तेथेच झोपले. ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली त्यांच्यापैकी १६ जण ठार झाले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. ते कोणाचे मुलगे होते आणि कोणाचे बाप होते. घरी पोहोचण्यासाठी माणूस किती चालतो, हे त्या भाकऱ्यांनी दाखवले.

आता थोडे स्वतःबद्दल. मला पगार मिळत होता, ही गोष्ट आधीच कबूल करतो. म्हणून माझे दुःख शिंप्याच्या किंवा ऊसतोड मजुराच्या दुःखाबरोबर मी तोलत नाही. परंतु पोट भरलेल्या घरातही काय घडले, ते सांगणे जरूर वाटते.

चेकपोस्टवरून मी घरी येई तेव्हा पत्नी गरोदर होती आणि मुलगी सहा वर्षांची. घरात रोग येऊ नये म्हणून मी बाहेरच्या खोलीत राहू लागलो. ताट उंबऱ्यावर ठेवले जाई. मुलगी पडद्याआडून विचारी, “अब्बा, आज घेणार का?” मी म्हणे, उद्या. दोन महिने मी तिला उचलून घेतले नाही. जून महिन्यात मुलगा झाला. दवाखान्यात बाळंतिणीसोबत एकाच बाईला प्रवेश होता. सासूबाई आत गेल्या आणि मी फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली उभा राहिलो. माझ्यासारखे आणखी तिघे-चौघे तेथे होते. कोणी कोणाशी बोलत नव्हते. मुलगा झाल्याचे मला फोनवर कळले. आपल्याकडे जन्मल्यावर बाळाच्या कानात अजान देतात. ती मी तिसऱ्या दिवशी, घराच्या अंगणात, साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन दिली. हे सांगताना आजही माझा आवाज भरून येतो.

पण दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर हे भाषण खोटे ठरेल. शाळा बंद होत्या आणि शिकवणे फोनवर चालू होते. एके दिवशी मी धडा रेकॉर्ड करीत होतो. मुलगी दोन वेळा खोलीत आली आणि काहीतरी दाखवू लागली. तिसऱ्या वेळी मी तिला मारले. धडा होता प्रेमाने वागण्याविषयी. पुढे दोन दिवस ती माझ्या खोलीत आली नाही. पत्नी एवढेच म्हणाली, “वर्गातली पन्नास सांभाळता, घरातले एक जमेना का?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. बी. एड. ला मी बालमानसशास्त्राचा पेपर दिला होता आणि त्यात चांगले गुणही मिळवले होते.

मित्रहो, टाळेबंदीने तरुण बापाचे काय केले, हे मला त्या दिवशी उमगले. तिने त्याची कमाई बंद केली आणि त्याला घरात आणून बसवले. आणि घरात बसल्यावर त्याच्या ध्यानात आले की घरात बाप म्हणून काय करायचे ते त्याला कोणी शिकवलेलेच नाही. पैसे आणणे एवढेच तो शिकला होता. ते गेले, आणि आता आपल्याला कोण विचारील या भीतीने तो चिडू लागला. त्याची चीड निघाली बायकोवर आणि लेकरांवर. त्या काळात घरोघरी भांडणे वाढली, स्त्रियांना मार बसला, हे आपण सर्वांनी भिंतीपलीकडून ऐकले आहे. बेकारी हे त्याचे कारण असेल, पण ती त्याची सबब होऊ शकत नाही.

मात्र त्याच गल्लीत दुसरे बापही मी पाहिले. मशिदी बंद असल्याने तरावीहची नमाज घरीच पढायची होती. ज्यांनी जन्मात कधी पुढे उभे राहून नमाज पढवली नाही, असे तरुण आपल्या बायको-मुलांचे इमाम झाले. कोणाला चारच सूरा पाठ होत्या. त्यांनी मुलांबरोबर बसून पाचवी पाठ केली. एक ट्रकड्रायव्हर, जो महिन्यातून चार दिवस घरी असे, मुलीची वेणी घालायला शिकला. एका गॅरेजवाल्याने मुलाला पान्यांचे आकडे दाखवून अपूर्णांक समजावले. आठ, दहा, बारा नंबरचे पाने आणि अर्धा इंच, पाऊण इंच. तो मुलगा आज माझ्या वर्गात गणितात पुढे आहे. पैगंबर साहेब स्वतः घरकामात हातभार लावीत, आपले जोडे आणि कपडे स्वतः सांधीत, हे आपण मिलादच्या जलशात दर वर्षी ऐकतो. ज्यांनी ते नुसते ऐकले नाही तर केले, त्यांची घरे त्या काळात टिकली.

आता शिक्षक या नात्याने माझी एक चूक कबूल करतो. फोनवरचे शिक्षण सुरू झाले तेव्हा सातवीतील एक मुलगा कधीच वेळेवर स्वाध्याय पाठवीत नसे. मी त्याला सर्वांच्या ग्रुपवर आळशी म्हणालो. दोन दिवसांनी त्याचे वडील मला भेटावयास आले. मोंढ्यात हमाली करणारे, वयाने माझ्याच बरोबरीचे. हातात मुलाची वही. ते म्हणाले, “सर, पोराचा कसूर नाही. घरात फोन एकच, आणि तो माझ्यासोबत असतो. मालाची गाडी आली की त्यावरच बोलावणे येते. फोन घरी ठेवला तर गाडी सुटते, आणि गाडी सुटली तर त्या दिवशीची मजुरी गेली.” रात्री नऊ वाजता ते घरी आले की मुलगा फोन घेऊन बसे, आणि सारे प्रश्न वहीत उतरवून घेई. चौथीपर्यंत शिकलेला बाप, दिवसभर पोती वाहून आलेला, वीज गेली की शेजारी बॅटरी धरून बसे. ती वही मी पाहिली. एकही स्वाध्याय राहिला नव्हता. मी त्यांची माफी मागितली आणि ग्रुपवरही चूक कबूल केली. त्यानंतर आम्ही स्वाध्याय कागदावर लिहून गल्लीतील किराणा दुकानात ठेवू लागलो. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, तीही टीव्ही असलेल्या घरी चार मुले मिळून पाहू लागली. पण हे सारे त्या बापाने सांगितल्यावर सुचले. तोपर्यंत आम्ही त्याला विचारलेच नव्हते.

एक गंभीर गोष्ट राहिली. शाळा बंद, मुली घरी, कमाई नाही आणि लग्न पन्नास माणसांत उरकते. तेव्हा कित्येक बापांनी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची लग्ने स्वस्तात उरकून टाकली. हे सर्व समाजांत झाले, आपल्यातही झाले. आपला जिल्हा या बाबतीत आधीच बदनाम आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. शाळा उघडल्यावर आठवी-नववीच्या हजेरीपटावर नावे होती, पण मुली परत आल्या नाहीत. ज्यांची लग्ने झाली त्या आज आई आहेत, आणि त्यांचे नवरेही पुष्कळदा विशी-एकविशीतले, हाताला पक्के काम नसलेले बाप आहेत. ज्या अडचणीतून सुटण्यासाठी लग्न केले, ती अडचण लग्नाने पुढच्या पिढीकडे सोपवली. असे लग्न ठरत असल्याचे कोणाच्या कानी आले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. विद्यार्थिनींनी हा क्रमांक पाठ करावा.

आणि ज्या घरांतून बापच गेला, त्यांचे काय? कोरोनात मृत्यू झालेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपयांचे साहाय्य आणि दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाखांची ठेव, अशी तरतूद राज्यात झाली. एक पालक गमावलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे; तिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा २२५० रुपये करण्यात आली. अर्ज भरण्याची माहिती नसल्याने काही घरे अजून मागे आहेत. अशा मातांनी संकोच न करता शाळेत यावे. अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही शिक्षक करू. ते आमचेच काम आहे.

आता समारोप करतो. माझ्या तीन विनंत्या आहेत.

तरुण पालकांना विनंती अशी की दिवसातून अर्धा तास फोन बाजूला ठेवून मुलाजवळ बसावे. शिकवता आले नाही तरी चालेल. मोंढ्यातल्या त्या भाईने काही शिकवले नाही, नुसती बॅटरी धरली. शिवाय कमाई थांबली तर घरी तोंड लपवू नये. बायकोला खरे सांगावे. ती अडचण तिला आधीच ठाऊक असते.

संस्थेला विनंती अशी की पालकसभा दुपारी बारा वाजता न घेता महिन्यातून एकदा इशाच्या नमाजनंतर घ्यावी. मजूर बापाला दुपारची सभा म्हणजे एका दिवसाची मजुरी. तो सभेला येत नाही, म्हणून त्याला मुलाची पर्वा नाही, असा शेरा आम्ही मारतो. तो शेरा आता पुसला पाहिजे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला विनंती अशी की त्या दीड वर्षात तुमचे वडील का चिडत होते, याचा आज शांतपणे विचार करा. त्यांनी मारले असेल तर ते बरोबर नव्हते, हे मी स्वतः मारलेला बाप म्हणून सांगतो. पण जुन्या कपड्याचा फ्रॉक ज्याने शिवला, त्याला एकदा विचारा की ती रात्र कशी गेली. आणि तुम्ही उद्या बाप व्हाल, तेव्हा घर सांभाळायला शिकण्यासाठी दुसऱ्या टाळेबंदीची वाट पाहू नका.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. परवा तिने मला विचारले, “अब्बा, तेव्हा तुम्ही मला का घेत नव्हता?” मी तिला चेकपोस्ट, ट्रक, रोग सारे सांगितले. ती म्हणाली, “मला वाटले होते, मी काहीतरी चूक केली.” इतकी वर्षे तिने ते मनात ठेवले होते. म्हणून आज घरी गेल्यावर आपापल्या लेकरांना विचारा, त्यांना त्या दिवसांबद्दल काय वाटते. काहींची उत्तरे ऐकून आपल्याला धक्का बसेल. तरीही विचारा.